लग्नाच्या वाढदिवसांचं पान

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "काकू, यंदा तुमच्या कामाचे अनुभव लिहा." मी विचारलं, "कुठल्या कामाचे? पोळ्यांचे?" ते गडबडले. बिचारे तरुण आहेत, अजून साठीसुद्धा आलेली नाही. म्हणाले, "तसं नाही, क्लबचं. तुम्ही मासिक पत्रिका काढायचात ना."

काढायचे. एकोणतीस वर्षं काढली. पगार नव्हता, रजा नव्हती, आणि निवृत्त व्हा असंही कुणी कधी म्हणालं नाही, त्यामुळे याला नोकरी म्हणावं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण घरातल्या कुठल्याही कामापेक्षा मी त्या सहा पानांना जास्त भीत असे, तेव्हा नोकरीच असावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा दीपमाळ सेवा क्लब हा लष्करातल्या बायकांचा क्लब. लष्कर म्हणजे फौज नव्हे, ग्वाल्हेरचा आमचा जुना भाग. पुण्याच्या नातेवाइकांना हे मी पन्नास वर्षं समजावते आहे. उन्हाळ्यात बाड्यावर, म्हणजे आमच्या मुख्य चौकात, पाणपोई लावायची, आम्ही तिला प्याऊच म्हणतो. थंडीत रजया वाटायच्या, वर्षातून एकदा डोळ्यांचं शिबिर, दौलतगंजात एक शिवणवर्ग. निम्म्या जणी मराठी, निम्म्या हिंदी. आमची मराठी सभेत शिरली की दहा मिनिटांत तिची हिंदी होते, आणि हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला मात्र गुप्ता भाभी सगळ्यांच्या पुढे.

या सगळ्याची बातमी दर महिन्याला छापायची, हे माझं काम. बातमी लिहिणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रजया वाटल्याची बातमी लिहून पाहावी. रजया किती वाटल्या हे कुणी वाचत नाही. वाटताना कोण कोण हजर होतं ते वाचतात, आणि तेही आपलं नाव येईपर्यंत. नाव आलं की अंक मिटतो. नाव आलं नाही की फोन येतो. म्हणून आधी सगळी नावं लिहून घ्यावीत आणि उरलेल्या जागेत सेवा बसवावी. नावांचा क्रम अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि पुढे वयाप्रमाणे. वय कुणी सांगत नाही, म्हणून केसांवरून अंदाज बांधायचा. मेंदी आली आणि तोही आधार गेला.

पण अंक ज्यासाठी उघडला जायचा ती पानं दोनच. एक वाढदिवसांचं. त्यात एक जुलैला आमच्या क्लबातल्या अकरा जणी जन्मलेल्या होत्या. जुन्या काळी मुलीचं नाव शाळेत घालताना मास्तर विचारत, जन्म कधीचा? वडील म्हणत, आंबे संपत आले होते तेव्हाचा. मास्तर एक जुलै लिहून मोकळे होत. त्या दिवशी सकाळी मला अकरा फोन करावे लागत, आणि अकरा जणी म्हणत, "अगं, खरा आज नाहीच."

दुसरं पान लग्नाच्या वाढदिवसांचं. गुलाबाच्या वेलीची चौकट, आत तारखा, तारखेपुढे जोडप्याचं नाव. ज्यांची तारीख असेल त्यांना संपादकाने सकाळी बरोबर आठ वाजता फोन करायचा, आणि महिन्याच्या सभेत त्या बाईने उभं राहून एक गुलाब घ्यायचा. एवढंच. पण त्या एका गुलाबासाठी नवी साडी निघायची. घरी ज्यांचे नवरे तारीख विसरत, त्या बायकांचा दिवस माझ्या आठच्या फोनवर निभावून जायचा. एकीने तर मला सांगूनच ठेवलं होतं, "सुधा, साडेआठला कर. तेव्हा हे उचलतात." तिचा नवरा नंतर मला भेटून म्हणाला, "भाभीजी, आपने बचा लिया."

मी तेव्हा चाळिशीची. मराठीत एम. ए., केसांचा घट्ट अंबाडा, पर्समध्ये लाल पेन. कुणाची लग्नपत्रिका आली तर तिच्यातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करून मी ती परत पाठवत असे, आणि वर आहेराला जात असे. आज ती बाई मला रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन.

एखादीचा नवरा गेला की लग्नाच्या वाढदिवसांच्या पानावरून तिची ओळ काढत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. माझ्या आधीच्या संपादिका ती ओळ हळूच विसरत. मी विसरणाऱ्यांतली नव्हते. मी तो नियम चांगल्या अक्षरात लिहिला आणि रजिस्टरच्या आतल्या बाजूला डकवला: दुःखद घटना घडल्यास त्याच अंकापासून नोंद रद्द करावी. 'रद्द' हा शब्द मला तेव्हा फार आवडत असे.

मालूवहिनी दिघे आमच्या प्याऊच्या प्रमुख होत्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. एप्रिल लागला की सकाळी सहाला बाड्यावर जाऊन माठ स्वतः घासायच्या, आणि त्यात वाळा किती घालायचा यावर कुणाचं ऐकायच्या नाहीत. त्यांचे यजमान छोट्या लाइनवर गार्ड. छोटी लाइन म्हणजे ग्वाल्हेरहून श्योपुरला जायची ती खेळण्यासारखी गाडी, आता बंद झाली. यशवंतराव दिघे निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत, जानेवारीत, गेले. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीत असे.

फेब्रुवारीचा अंक छापायला जायचा होता. पहिल्या पानावर काळ्या चौकटीत मी श्रद्धांजली लिहिली. 'मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांचे लाडके.' मी त्यांना दोनदा भेटले होते. मग पाचव्या पानावरची ओळ काढली. एकाच बैठकीत, एकाच पेनने. ते झाल्यावर मी चहा केला आणि स्वतःवर खूश होऊन प्यायले. दोन्ही पानांवर चूक राहिली नव्हती.

मार्चमध्ये एका दुपारी मालूवहिनी आमच्या दौलतगंजच्या घरी आल्या. दोन जिने चढून आल्या होत्या, हातात अंक.

"बसा ना वहिनी."

"बसते. आधी सांग, माझं नाव कुठंय?"

मी पहिलं पान काढून दाखवलं.

"हे ह्यांचं. माझं कुठंय?"

"तुमचा वाढदिवस सप्टेंबरात येतो."

"पाचवं पान काढ."

मी काढलं. गुलाबाच्या वेलीत सात जोडपी होती.

"आठ होती," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तसा नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

"मग सोपं आहे. मोड."

"असा कसा मोडता येईल? शुभेच्छांचं पान आहे ते. कुणी न कळून फोन केला, अभिनंदन केलं, तर तुम्हालाच वाईट वाटेल."

"मला काय वाटायचं ते मला वाटू दे ना, सुधा. तू कशाला आधीच वाटून घेतेस?" त्यांनी अंक मांडीवर ठेवला. "त्या दिवशी घरी सगळे इतके सांभाळून वागले, काय सांगू. मुलाने कॅलेंडर उतरवून कपाटात ठेवलं. सून शिरा करणार होती, तिने ऐनवेळी मुगाची खिचडी केली. दिवसभर कुणी तारीख उच्चारली नाही. म्हटलं, असू दे, पत्रिकेत तरी छापलेली असेल. तर तूही सांभाळलंस."

यावर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "सप्टेंबरात तुमचं नाव मोठ्या टाइपात घालते."

मालूवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माठ विकत घेताना त्याला तडा आहे का ते पाहायच्या, तसं. मग चहा न घेता उठल्या. जिन्याच्या वळणावर थांबून म्हणाल्या, "एकतीस वर्षं झाली होती. हे गेले तरी ती कुठे गेली नव्हती. तुझ्या एका रेघेनं गेली."

त्या उन्हाळ्यात त्या प्याऊवर आल्या नाहीत. सभेलाही नाहीत. माठ दुसऱ्या कुणी घासले, पाणी लोकांनी प्यायलं, बातमी मी लिहिली: 'प्याऊचा उपक्रम नेहमीच्याच उत्साहात.' आणि मी कुठे नरमले? विचारणाऱ्याला सांगत होते, "भावना समजते हो, पण शिस्त नको का?" सात-आठ महिने मी असं बोलत हिंडले. त्या वर्षाची मला आजही लाज वाटते, आणि या वयात लाज वाटावी अशा गोष्टी फार उरलेल्या नसतात.

आमचे हे बाड्यावरच्या बँकेत होते. बोलणं कमी. एका संध्याकाळी मी हीच तक्रार पुन्हा सुरू केली तेव्हा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "गेले ते एकटे दिघे. लग्न दोघांचं होतं. अर्धं तरी शिल्लक असेल."

"तुम्हाला सगळ्यात शिल्लकच दिसते," मी म्हणाले.

"दिसायला नको? तू बाईचं खातंच बंद केलंस." आणि पान उलटलं.

हे वाक्य मला रात्रभर नव्हे, चांगलं दोन महिने टोचलं. जानेवारीत कार्यकारिणीची सभा झाली तेव्हा मी विषय काढला. अध्यक्ष शीलाताई, क्लब त्यांच्या बैठकीच्या खोलीत भरायचा, आणि आपली उशी त्या कुणाला देत नसत.

"शुभेच्छांच्या पानावर?" शीलाताई म्हणाल्या. "विधवेचं नाव? तिलाच अवघडल्यासारखं होईल."

"तिनेच सांगितलंय."

"ती दुःखात आहे. दुःखात माणूस काहीही सांगतं."

गुप्ता भाभी खजिनदार. त्या स्वेटर विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दीदी, शादी तो हुई थी ना उनकी? कि अब वो भी नहीं हुई?"

"प्रश्न तो नाही," शीलाताई म्हणाल्या.

"तो फिर क्या है?"

तो काय आहे ते शीलाताईंना सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी विषय पुढच्या सभेवर टाकला. कार्यकारिणीची पुढची सभा मार्चमध्ये होती. तारीख फेब्रुवारीत. मी नंदीसारखी मान हलवली, प्रूफावर त्यांची सही घेतली आणि टांग्यात बसून छापखान्यात गेले. नियमांची पुतळी असलेल्या माझ्या हातून आयुष्यात पहिली लबाडी झाली, तीही सही झालेल्या प्रूफावर.

आता अडचण अशी की ओळ लिहायची कशी. आमच्या पानावर 'सौ. अमुक व श्री. तमुक' असं असे. मालूवहिनींना 'सौ.' लावता येईना. 'श्रीमती मालती व कै. यशवंत' लिहावं तर गुलाबांच्या वेलीत श्रद्धांजली छापल्यासारखी दिसली असती, आणि शीलाताईंची नजर पहिली तिथेच गेली असती. मी खूप विचार केला. हुशार होते ना. ठरवलं, सगळ्यांचीच बिरुदं काढून टाकू. नुसती नावं. 'मालती – यशवंत दिघे.' 'शीला – अमुक.' सगळ्या सारख्या दिसल्या की एक ओळ कुणाला ओळखू यायची नाही.

खिळे जुळवणारे रामस्वरूपजी म्हातारे गृहस्थ, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी कागद वाचला. "बहनजी, सबकी सौ. हटा दूँ?"

"हो."

"और श्रीमती भी?"

"ती पण."

"पूरे पन्ने की? सोच लो."

"सोच लिया," मी म्हणाले. अजिबात सोचलं नव्हतं.

अंक घरोघर गेला त्या दुपारी तीन वाजता पहिला फोन आला. "सुधाताई, माझ्या नावामागचं 'सौ.' कुठं गेलं? सासूबाईंनी वाचलं, त्या देवापुढे बसल्यात." दुसरा आला. तिसरी स्वतःच आली, जिन्यावरूनच बोलत. "माझे हे समोर बसून मटार सोलतायत आणि तू छापखान्यात माझं कुंकू पुसून आलीस." एका बाईच्या नवऱ्याने फोन केला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "मी आहे, एवढंच कळवायचं होतं." हिंदीवाल्यांचं वेगळंच. त्यांच्यात नांदत्या बाईला 'श्रीमती' लावतात, आमच्यात ते बहुतेक विधवेला, म्हणून इतकी वर्षं या पानावर दोन्ही गुण्यागोविंदाने राहत होती. आता दोन्ही गेल्यावर पहिल्यांदाच सगळा क्लब एका सुरात बोलला. माझ्याविरुद्ध.

शीलाताईंनी बोलावून घेतलं. समोर अंक उघडा. त्यांचं स्वतःचं नाव 'सौ.'शिवाय, उघडं पडल्यासारखं.

"हे काय आहे, सुधा?"

"चूक झाली."

"छापखान्याची?"

रामस्वरूपजींवर ढकलणं सोपं होतं. "नाही, माझीच," मी म्हणाले. "मला वाटलं, जागा वाचेल."

"जागा?" शीलाताईंना माझ्या एम. ए.ची दया आली असावी. "पुढच्या अंकात सगळ्यांची 'सौ.' परत कर. एकेकीचं नाव घेऊन."

आणि त्या संपूर्ण पानावर 'मालती – यशवंत दिघे' ही ओळ कुणालाही दिसली नाही. प्रत्येक बाई आपलंच हरवलेलं 'सौ.' शोधत होती. मी अख्ख्या पानाला एका दुपारीत विधवा केलं तेव्हा कुठे एका विधवेचं लग्न शाबूत राहिलं. फक्त गुप्ता भाभी पुढच्या सभेत माझ्या शेजारी बसल्या आणि सुयांवरून नजर न हलवता म्हणाल्या, "दिघे जी वाली लाइन अच्छी लगी."

पण ती सभा नंतरची. त्या फेब्रुवारीत तारखेच्या सकाळी पावणेआठला मी फोनशी जाऊन बसले. ओळ छापली म्हणजे फोन करायलाच हवा. बरोबर आठला नंबर फिरवला. मालूवहिनींनीच उचलला.

"हॅलो."

अभिनंदन म्हणायचं नाही. सांत्वन करायचं नाही, त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

"कोण, सुधा का?"

"हो."

"काय म्हणायचं ते ठरवून बसली नव्हतीस वाटतं."

"नाही."

"मग ऐक," त्या म्हणाल्या. "आमचं लग्न छोट्या लाइनवरच्या सबलगडला झालं. परतताना वऱ्हाड डब्यात आणि मी गार्डाच्या डब्यात, ह्यांच्याबरोबर. ह्यांच्या एका दोस्ताची ड्यूटी होती, त्याने बसवलं. गाडी इतकी हळू की हे मध्येच उतरले, बांधावरच्या झाडाची बोरं तोडली आणि पळत येऊन पुन्हा चढले. मुंडावळ्या तशाच. माझ्या ओटीत बोरं टाकली आणि म्हणाले, 'आंबट असली तर आत्ताच सांग, गाडी लांब गेलेली नाही.'" त्या थांबल्या. "आंबट होती. मी नाही सांगितलं." मग म्हणाल्या, "झालं. ठेव आता, दूध वर येतंय."

त्या उन्हाळ्यात त्या प्याऊवर परत आल्या. माठ घासताना मला म्हणाल्या, "वाळा कमी घातला होतात गेल्या वर्षी. लोकांनी सांगितलं."

पुढे दर वर्षी फेब्रुवारीत मी आठला फोन करायची आणि म्हणायची, "वहिनी, आज तुमचा दिवस. सांगा." त्या एकच गोष्ट सांगायच्या. पाच मिनिटांपेक्षा जास्त कधी नाही. त्यांचं घर लाइनीजवळ होतं. गाडी जाताना यशवंतराव डब्यातून हिरवा झेंडा एकदा जास्तीचा हलवायचे, तो गच्चीवरच्या वहिनींसाठी. भांडण झालेलं असलं की झेंडा गुंडाळून काखेत आणि तोंड दुसऱ्या बाजूला. "एकदा अकरा दिवस झेंडा गुंडाळलेला होता," वहिनी म्हणाल्या. "श्योपुरपर्यंत सगळ्या स्टेशनांवर बातमी, की दिघ्यांच्या घरी बोलणं बंद आहे." सगळ्याच गोष्टी गोड नव्हत्या. एका वर्षी त्या म्हणाल्या, "आमचा एक मुलगा गेला होता, तीन महिन्यांचा. त्या दिवशी हे ड्यूटीवर गेले. मी पुष्कळ वर्षं माफ केलं नाही. आज करून टाकलं." आणि फोन ठेवला.

क्लबात कुणी ठराव केला नाही. नियम माझा होता, तो मी रजिस्टरमधून फाडून काढला एवढंच. मग एकेक बाई हळूच येऊ लागली. "माझीही राहू दे गं." गुप्ताजी गेले तेव्हा तेराव्यानंतर भाभींची चिठ्ठी आली, त्यात एकच ओळ: मेरा नाम मत काटना. शेवटी शेवटी शीलाताईंवरही तो प्रसंग आला. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. त्यांच्या तारखेला आठ वाजता फोन केला. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं तू करशील," आणि बराच वेळ उशीबद्दल बोलत राहिल्या. ती उशी त्यांच्या यजमानांची होती, हे मला तेव्हा कळलं. बावीस वर्षं मी त्या उशीवरून त्यांची नक्कल करत होते.

कोरोनात पत्रिका बंद पडली, ती पुन्हा निघाली नाही. दौलतगंजचा छापखाना त्याआधीच उठला होता. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आम्हीही ग्वाल्हेरातच, हरिशंकरपुरमला मुलाकडे राहायला आलो. इथे लिफ्ट आहे, ऊन आहे, सगळं आहे. ओल्या शाईचा वास नाही. मला तो इतका हवासा वाटतो की कधी कधी नवं पुस्तक उघडून नाकाशी धरते. सून म्हणते, "आई, वाचा ना, हुंगताय काय?"

क्लब आहे, उत्तम चाललाय. आताची अध्यक्ष नेहा, माझ्या नातीएवढी. ती घरी आली आणि म्हणाली, "आजी, तुमच्याकडे जो रजिस्टर आहे ना, त्याचे फोटो द्या, मी सब फीड करून घेते. मग अपने आप ग्रुपवर मेसेज जाईल, सुबह आठ बजे."

"आठलाच?"

"तुमचाच टाइम ठेवला, आजी." पानं उलटता उलटता ती थांबली. "इसमें जो एक्सपायर हो गए, ते हटवायचे ना?"

"एकही नाही."

"पण कुणाला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे," मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि फोटो काढले. मुलगी गुणी आहे. मी तिच्या जागी असते तर वाद घातला असता.

आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. पत्रिका नव्हतीच, त्यामुळे ओळ ठेवायची की काढायची हा प्रश्न आला नाही. पण पहिल्या वर्षी आमची तारीख आली तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी इतक्या वर्षांत कधी सुचली नव्हती. फोन करणारी मी. मला कोण करणार? आठला दहा मिनिटं होती तेव्हा मी फोन पुसत बसले. स्वच्छच होता.

आठला वाजला. इंदूरहून, मालूवहिनी. त्या तेव्हा त्र्याऐंशीच्या, मुलाकडे राहत. मलाच दर वर्षी ऐकवणाऱ्या, आपणहून फोन त्यांनी कधी केला नव्हता.

"सुधा, आज तुझा दिवस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"जुने अंक आहेत माझ्याकडे. तुझी नववी ओळ. सांग."

एकोणतीस वर्षं मी लोकांच्या गेलेल्या माणसांना विशेषणं लावली होती. मनमिळाऊ, परोपकारी. माझ्या माणसासाठी एक वाक्य निघेना. वहिनी थांबल्या. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

"हे पोह्यांतले दाणे आधी वेचून खायचे," मी म्हणाले.

"मग?"

"मग उरलेले पोहे माझ्या ताटलीत ढकलायचे."

"आणि तू खायचीस?"

"खायचे."

"वेडी," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या. "बरं. पुढच्या वर्षी दुसरं काढून ठेव."

दुसऱ्या वर्षी काढून ठेवलं होतं, सांगितलं. तिसऱ्या वर्षी तर दोन काढून ठेवली होती, त्या म्हणाल्या, "एकच. दुसरं राहू दे, उपयोगी पडेल." गेल्या थंडीत त्यांच्या मुलाचा फोन आला. फेब्रुवारीत आठ वाजता माझा हात फोनकडे गेला आणि मग कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

यंदाही आमची तारीख आली. ते राहिलेलं दुसरं माझ्याकडे तयार होतं. आठ वाजले, फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. मोबाइल तेवढा एकदा टुंग झाला. नेहाच्या यंत्राने ग्रुपवर चित्र टाकलं होतं: केक, दोन हंस, त्यांच्या चोचींच्या मध्ये माझं नाव आणि ह्यांचं. खाली पोरींच्या टाळ्या, जोडलेले हात, फुलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी हात जोडले होते, ज्यांना नव्हतं त्यांनी फुलं पाठवली होती. आणि त्यात एक नवी मुलगी, याच वर्षी क्लबात आलेली, मला कधी न भेटलेली. तिने लिहिलं होतं, "आंटी, अंकल को भी हमारी तरफ़ से बहुत बधाई दीजिएगा."

दोन मिनिटांत नेहाचा फोन. घाबरलेली. "आजी, सॉरी, तिला पता नाही, नवीन आहे. मी आत्ता डिलीट करवते."

"काही करू नकोस," मी म्हणाले. "राहू दे तिचं."

"नक्की ना आजी?"

"नक्की."

मग चष्मा पुसला. मला एकाच बोटाने लिहिता येतं, त्यामुळे वेळ लागतो. त्या मुलीच्या ओळीखाली मी लिहिलं: सांगते.